तोरीशिमा, १८४१ : पाच माणसं, एक बेट आणि लॉगबुकातली एक नोंद

खारावारा

मर्चंट नेव्हीत असताना मी ऑस्ट्रेलियातून कोळसा भरून जपानला जाणाऱ्या एका बोटीवर थर्ड मेट, म्हणजे तिसरा अधिकारी, होतो. सकाळची आठ ते बाराची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. टोकियोच्या उपसागराला अजून दीड दिवस होता. रडारवर डाव्या हाताला एक ठिपका आला, चार्टवर नाव पाहिलं, 'तोरीशिमा'. दुर्बिणीतून करड्या रंगाचा डोंगर दिसला. झाड नाही, घर नाही, खाली सगळीकडे फेसाची पांढरी रेघ. मी बेअरिंग (होकायंत्रावरची दिशा) घेतलं, चार्टवर पोझिशन टाकली आणि पुढच्या कामाला लागलो. त्या डोंगरावर काय घडून गेलंय हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, आज बसलो.

जानेवारी १८४१. जपानच्या शिकोकु बेटावर तोसा नावाचा प्रांत, तिथलं उसा हे मासेमारीचं बंदर. तिथून एक छोटी होडी निघाली, आत पाच जण. तांडेल फुदेनोजो, चाळिशीला टेकलेला. त्याचे दोन धाकटे भाऊ जूसुके आणि गोएमोन. शिवाय तोराएमोन, आणि सगळ्यात लहान मांजिरो, वय वर्षं १४. मांजिरो नाकानोहामा गावचा. वडील आधीच गेलेले, मोठा भाऊ आजारी, म्हणून पोरगं कामाला लागलेलं. लांब दोरीला गळ लावून मासे धरायचे, दोनचार दिवसांत परत यायचं, एवढाच बेत. हिवाळ्यात तिथे वायव्येचं वारं सुटतं. तिसऱ्या दिवशी ते असं सुटलं की वल्ही गेली, शीड गेलं, आणि होडी किनाऱ्यापासून आत आत ओढली गेली.

आठवडाभराने त्यांना एक बेट दिसलं. उतरायला जागाच नाही, सगळीकडे खडक. लाटेने होडी खडकावर आपटली आणि फुटली. जूसुकेचा पाय जायबंदी झाला. पाचही जण जिवंत वर आले. होडीतलं हाती काही उरलं नाही. चकमकसुद्धा गेली, म्हणजे विस्तवही गेला.

तोरीशिमा म्हणजे 'पक्ष्यांचं बेट'. जेमतेम अडीच किलोमीटर रुंद ज्वालामुखी आहे तो. नदी नाही, ओढा नाही. पण हिवाळ्यात तिथे अल्बाट्रॉस पक्षी घरटी करायला येतात, तेव्हा तर लाखांनी येत. मोठा, जड पक्षी. जमिनीवर त्याला पटकन उडता येत नाही, आणि माणसाची भीती त्याला माहीतच नव्हती. जपानी भाषेत त्याचं नावच 'मूर्ख पक्षी' आहे. या पाच जणांनी तो दगडाने, काठीने मारला. मांस दगडावर ठेचायचं, उन्हात वाळवायचं आणि कच्चंच खायचं. राहायला एक गुहा. प्यायला पावसाचं पाणी, जिथे साचेल तिथलं.

उन्हाळा जवळ आला तशी पिल्लं मोठी झाली आणि पक्षी उडून गेले. एखाद्या गावाने पोरासोरांसकट उठून निघून जावं तसं बेट रिकामं झालं. मग उरला खडकावरचा शिंपला आणि गवत. जूसुकेला उठवत नव्हतं. मांजिरो आणि फुदेनोजो एकदा वर चढून गेले, तर तिथे थडग्यांसारख्या दगड रचलेल्या खुणा आणि विहिरीसारखा खड्डा दिसला, तळाशी थोडं गढूळ पाणी. म्हणजे आपल्याआधी इथे कुणीतरी अडकलं होतं, आणि त्यातले काही इथेच गेले.

असे १४३ दिवस.

२७ जून १८४१ ला 'जॉन हाउलँड' नावाचं अमेरिकन व्हेलशिकारी जहाज त्या बाजूने चाललं होतं. न्यू बेडफर्डचं जहाज, कप्तान विल्यम व्हिटफिल्ड. त्या दिवशीची लॉगबुकातली, म्हणजे जहाजाच्या रोजनिशीतली, नोंद मराठीत अशी होईल :

"रविवार, २७ जून १८४१. आज आग्नेयेकडून मंद वारा. दुपारी एक वाजता बेट दिसलं. कासवं मिळतात का बघायला दोन होड्या पाठवल्या. बेटावर पाच दीन, हालात सापडलेली माणसं मिळाली, त्यांना उतरवून आणलं. ते भुकेले आहेत यापलीकडे त्यांचं काहीच समजलं नाही. बेटाचा अक्षांश काढला, ३० अंश ३१ मिनिटं उत्तर."

मी आयुष्याची कितीतरी वर्षं लॉगबुक लिहिलं. वारा, कोर्स, वेग, हवेचा दाब. आम्हाला शिकवलेलं, लॉगमध्ये विशेषण लिहायचं नाही. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर विशेषण कामाला येत नाही. आणि इथे एका व्हेलवाल्या जहाजावर, जिथे दिवसाची किंमत पिंपभर तेलात मोजत, लिहिणाऱ्याचा हात त्या पाच जणांपाशी थांबला आणि 'दीन', 'हालात सापडलेली' असं लिहून गेला. लगेच पुढच्या वाक्यात अक्षांश. मला ही नोंद पाठ आहे. आजच्या चार्टवर तोरीशिमाचा अक्षांश ३० अंश २९ मिनिटं आहे, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. म्हणजे हातातल्या यंत्राने, डोलणाऱ्या डेकवरून सूर्य बघून काढलेला आकडा फार तर दोन मैलांनी चुकला.

पुढची हकिकत मोठी आहे. लोकांना वाचायची असेल तर प्रतिसादांत लिहीत जाईन.

गवतीचहा

काका, वाचताना अंगावर काटा आला. सगळं लिहा, हातचं काही राखू नका.

एक शंका. जपानच्या इतक्या जवळ होते, तर व्हिटफिल्डने त्यांना सरळ जपानला का नाही सोडलं?

खारावारा

@गवतीचहा, त्याला सोडता येण्यासारखं नव्हतं. जपानने १६३० च्या दशकात दारं लावून घेतली होती. परदेशी जहाजाला बंदी, आणि जपानी माणूस देशाबाहेर गेला आणि परत आला तर मृत्युदंड. स्वतःहून गेला की वादळाने नेला, कायद्याच्या अक्षरात फरक नव्हता. नागासाकीत डच आणि चिनी व्यापाऱ्यांना तेवढी वाट ठेवलेली. त्यात १८२५ मध्ये हुकूम निघाला की किनाऱ्याजवळ परदेशी जहाज दिसलं तर मागचापुढचा विचार न करता तोफा डागून हाकला.

त्या हुकमाची अंमलबजावणी कशी झाली ते १८३७ मध्ये दिसलं. 'मॉरिसन' नावाचं अमेरिकन जहाज सात जपानी भरकटलेल्या खलाशांना घरी पोचवायला गेलं होतं. त्याच्यावर आधी उरागाला आणि मग कागोशिमाला तोफा चालल्या. स्वतःचीच माणसं परत येत होती, आणि किनाऱ्यावरून गोळे. व्हिटफिल्डने पाचही जणांना होनोलुलूला नेलं, नोव्हेंबर १८४१ मध्ये.

सुकाणू

उत्तम धागा. मीही बोटीवरचाच, म्हणून थोडं गणित करून पाहिलं. उसा ते तोरीशिमा सरळ रेषेत जवळपास ३९० सागरी मैल भरतं. वादळ लागल्यापासून बेट दिसेपर्यंत सहाएक दिवस धरले तर सरासरी अडीच-पावणेतीन नॉट (ताशी सागरी मैल). शीड नाही, वल्हं नाही, नुसता वारा आणि पाणी. जपानच्या दक्षिण किनाऱ्याला लागून कुरोशिओ हा जोरकस प्रवाह ईशान्येकडे वाहतो. हिवाळ्यातलं वायव्येचं वारं होडीला किनाऱ्यापासून तोडतं, मग ती प्रवाहात सापडते, आणि त्यातून पार झाली की पुढे नुसता पॅसिफिक. तोरीशिमा चुकलं असतं तर पूर्वेला मिडवे-हवाईपर्यंत काही नाही.

जपानी मालवाहू जहाजं तर याहून वाईट अडकत. त्यांना एकच मोठी डोलकाठी आणि पाठीमागे भलंमोठं सुकाणू. उथळ बंदरात वर ओढून घेता यावं म्हणून ते दोरांवर टांगलेलं असे, पक्कं बसवलेलं नसे. किनाऱ्याकिनाऱ्याने जायला सोय चांगली. पण मोठ्या लाटेत पहिलं मोडायचं ते सुकाणूच. सुकाणू गेलं की जहाज आडवं होतं, मग उलटू नये म्हणून खलाशी स्वतःच डोलकाठी तोडत. शेंडी कापून देवाला वाहत आणि वाट बघत. अशी जहाजं बऱ्याचदा तांदळाने भरलेली असत, त्यामुळे खायला असे. मरण यायचं ते पाण्यावाचून आणि स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने.

टोक्योकर

सुकाणू यांनी मालवाहू जहाजांचा विषय काढलाच आहे तर ओतोकिचीबद्दल लिहितो. मी जपानात बारा वर्षं आहे, आमच्या ऑफिसातल्या एका आयची प्रांताच्या सहकाऱ्याने मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

'होजुनमारू' हे जहाज १८३२ मध्ये तांदूळ घेऊन एदोला (म्हणजे आजच्या टोकियोला) निघालं. आत १४ जण. वादळात सापडलं आणि १४ महिने पॅसिफिकवर वाहत राहिलं. १८३४ मध्ये ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात लागलं तेव्हा तिघे जिवंत होते. त्यातला ओतोकिची पंधरा-सोळा वर्षांचा. तिथून लंडन, लंडनहून मकाऊ. आणि काकांनी लिहिलेल्या 'मॉरिसन' जहाजावर हे तिघे होते. किनारा दिसत होता, आपल्या भाषेत ओरडून सांगितलं तर ऐकू जाईल इतका जवळ, आणि तोफा चालल्या. ओतोकिची पुन्हा कधी जपानात राहिला नाही. १८६७ मध्ये सिंगापूरला वारला. त्याच्या गावातल्या देवळात त्या १४ खलाशांची समाधी आहे, ते सगळे गेले असं समजून बांधलेली.

वसईची लेक

वाचतेय आणि डोळे भरून येतायत. माझं माहेर कोळीवाड्यातलं. माझ्या आजोबांच्या बोटीचं इंजिन एकदा बंद पडलं होतं, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आजी सांगायची, तीन दिवस पत्ता नव्हता. ती दिवस मोजत नव्हती, भरत्या मोजत होती. "सहावी भरती लागली तेव्हा दिसले" असंच सांगायची शेवटपर्यंत. गुजरातकडच्या एका बोटीने दोर टाकून आणलं होतं. आजोबा घरात आल्यावर बोलले नाहीत, आधी तांब्याभर पाणी प्यायले आणि तांब्या मांडीवर घेऊनच बसून राहिले. आजी तो तांब्या हातातून काढून घ्यायला गेली तर सोडेनात.

मला मांजिरोच्या आईबद्दल जाणून घ्यायचंय. तिच्या पदरात काय पडलं?

कडूनिंब

वैद्यकीय बाजूने दोन गोष्टी लिहिते.

विस्तव नव्हता ही आपत्ती खरीच, पण कच्चं मांस खाल्लं याचा थोडा फायदाही झाला असणार. ताज्या कच्च्या मांसात थोडं क जीवनसत्त्व राहतं, शिजवल्यावर ते बरंच जातं. शिवाय ते गवत-पाला खात होते. स्कर्व्ही साधारण दोन-तीन महिन्यांत तोंड वर काढते. १४३ दिवस म्हणजे पावणेपाच महिने, आणि पाचही जण जिवंत उतरले, याचं श्रेय पक्ष्यांच्या मांसाला आणि हिरव्या पाल्याला आहे असं मला वाटतं. मात्र पक्षी गेल्यावरचे शेवटचे आठवडे सगळ्यात कठीण गेले असणार. चरबी नाही, आणि उन्हाळ्यात पाणी कमी.

दुसरं म्हणजे सुटकेनंतरचं पहिलं जेवण. महिनोन् महिने उपाशी असलेल्या माणसापुढे भरलेलं ताट ठेवलं तर त्याच ताटाने तो दगावू शकतो. रक्तातले क्षार एकदम खाली येतात आणि हृदय बंद पडतं. आज याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आम्ही आयसीयूत थेंबाथेंबाने सुरुवात करतो. जहाजावर काय झालं काही माहीत आहे का?

खारावारा

@कडूनिंब, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हे मला मूळ लेखात लिहायचं होतं. स्वयंपाक्याने त्यांच्यापुढे उकडलेली रताळी आणली. दिसताच पोरं तुटून पडली. तेवढ्यात कप्तान आला, त्याने स्वयंपाक्याला झापलं, रताळी उचलायला लावली आणि बेताने खायला दिलं. पाच जणांना तेव्हा तो काय बोलतोय ते कळत नव्हतं. हातातलं अन्न काढून घेणारा माणूस आपल्याला वाचवतोय हे कसं कळावं? नाव माहीत नसलं तरी व्हेलवाल्या कप्तानांना ही गोष्ट अनुभवाने माहीत होती. उपाशी माणसं त्यांनी पाहिलेली असत.

@वसईची लेक, आजोबांचा तांब्या वाचून मी बराच वेळ काही टंकू शकलो नाही. आईबद्दल लिहितो, पण त्याला वेळ आहे. खरोखरच वेळ आहे, कारण तिला अकरा-बारा वर्षं थांबावं लागलं.

होनोलुलूला चौघे थांबले. तिथे एका मिशनरी डॉक्टरने आधी भरकटून आलेल्या जपान्यांकडची नाणी आणि चिलीम दाखवून हे जपानी आहेत हे पक्कं केलं. फुदेनोजोचं नाव तिकडच्या लोकांना उच्चारता येईना म्हणून तो देन्झो झाला. मांजिरो मात्र जहाजावर सगळ्यांच्या आवडीचा झाला होता. डोलकाठीवर चढून व्हेल हेरायचा, शब्द पटापट उचलायचा. व्हिटफिल्डने देन्झोला विचारलं, पोराला नेऊ का? मांजिरो हो म्हणाला. जहाजाच्या नावावरून त्याला जॉन म्हणू लागले, जॉन मंग. मे १८४३ मध्ये न्यू बेडफर्डला पोचला, आणि नदीपलीकडच्या फेअरहेवन गावात व्हिटफिल्डच्या घरी राहिला. आयुष्यात पहिल्यांदा शाळेत गेला. वाचणं-लिहिणं तो शिकला ते थेट इंग्रजीत. मग गणित, नौकानयन, सर्वेक्षण. पिंप बनवायची कारागिरीही शिकला.

न्यूइंग्लंडवासी

फेअरहेवन आमच्यापासून तासाभरावर आहे. दोनदा जाऊन आलेय. चेरी स्ट्रीटवरचं व्हिटफिल्डचं घर पार मोडकळीला आलं होतं, जपानमधून वर्गणी जमवून ते विकत घेऊन दुरुस्त केलं आणि २००९ मध्ये उघडलं. लाकडी, साधं, न्यू इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली दिसतं तसं घर. मी वरच्या खोलीच्या खिडकीपाशी उभी राहिले होते. त्या गावाचं आणि मांजिरोच्या गावाकडच्या तोसाशिमिझूचं १९८७ पासून भगिनीशहर म्हणून नातं आहे.

तिथे ऐकलेली एक गोष्ट मनातून जात नाही. व्हिटफिल्ड रविवारी मांजिरोला आपल्या चर्चमध्ये घेऊन गेला आणि घराण्याच्या बाकावर शेजारी बसवलं. चर्चच्या लोकांनी सांगितलं की याने इथे बसायचं नाही, काळ्यांसाठी वेगळी जागा आहे तिथे बसवा. व्हिटफिल्ड दुसऱ्या चर्चमध्ये गेला, तिथेही तेच. शेवटी युनिटेरियन चर्चने हरकत घेतली नाही, तर सगळं कुटुंब तिकडे जाऊ लागलं. एका पोरक्या मुलासाठी पिढीजात चर्च सोडणं हे त्या काळच्या छोट्या गावात सोपं नव्हतं. इथे राहणाऱ्या मला ते थोडंफार कळतं.

सुकाणू

पेटीतले दागिने बाहेर काढावेत तशी एकेक गोष्ट येतेय. काका, ते वर लिहिलेलं विहीर आणि दगडांच्या खुणांचं काय? कोण होते ते आधीचे?

खारावारा

@सुकाणू, त्या विशिष्ट खुणा कुणाच्या ते नाव घेऊन सांगण्यात अर्थ नाही, तिथे बरेच जण अडकले होते. पण त्यातल्या एकाची कथा मांजिरोच्या कथेइतकीच मोठी आहे, आणि तोही तोसाचाच. चोहेई त्याचं नाव. १७८५ मध्ये तोरीशिमाला लागला. बरोबरचे तिघे एकामागून एक गेले आणि तो एकटा उरला. एकटा! पुढे १७८८ मध्ये ओसाकाचं जहाज फुटून ११ माणसं तिथे आली, १७९० मध्ये सात्सुमा प्रांताचं, त्यातली सहा. एवढ्या माणसांनी मिळून वाहून आलेली लाकडं गोळा केली. फुटक्या जहाजांतले खिळे, लोखंड तापवून अवजारं केली आणि वर्षानुवर्षं खपून एक होडी बांधली. १७९७ मध्ये १४ जण त्या होडीतून उत्तरेच्या बेटांवर पोचले. चोहेईचे बारा वर्षांवर दिवस त्या खडकावर गेले होते.

तुम्ही-मी वादळ लागलं की हवामानाचा फॅक्स बघायचो आणि कोर्स बदलायचो. चोहेईने झाड नसलेल्या बेटावर जहाज बांधलं.

गवतीचहा

+१. आणि त्या अल्बाट्रॉसचं पुढे काय झालं हेही कुणीतरी लिहा. मी पक्षीवेडी आहे, म्हणून मीच लिहिते. या पाच जणांनी पोटापुरते मारले. १८८० च्या दशकापासून मात्र पिसांच्या व्यापारासाठी तोरीशिमावर वस्ती झाली आणि काठीने पक्षी मारायचं काम सुरू झालं. तिथे मिळून ५० लाख पक्षी मारले गेले असा अंदाज आहे. १९०२ मध्ये ज्वालामुखी फुटला आणि बेटावरची सव्वाशे माणसं सगळीच्या सगळी गेली. नंतर पुन्हा शिकार झाली. १९४९ मध्ये हा पक्षी नामशेष झाल्याचं जाहीर केलं होतं, आणि १९५१ मध्ये तिथेच मोजून दहा-एक पक्षी सापडले. आता जपल्यामुळे ते काही हजारांवर आलेत. मांजिरोला ज्या पक्ष्याने जगवलं तो पक्षी दहावर आला होता, हे मला आज या धाग्यामुळे पहिल्यांदा एकत्र जोडता आलं.

टोक्योकर

१८४१ च्या त्या बेटावर जे दिवस गेले त्यापेक्षा मला नेहमी परतीचा भाग जास्त धाडसाचा वाटतो. बेटावर तो अडकला होता, पर्याय नव्हता. परत जाताना पर्याय होता. फेअरहेवनला घर होतं, धंदा येत होता, माणसं होती. काका, तो भाग लिहाच.

वसईची लेक

हो, लिहा. मी थांबलेय.

खारावारा

लिहितो. आज रात्री बसलोच आहे.

१८४६ मध्ये मांजिरो 'फ्रँकलिन' या व्हेलशिकारी जहाजावर गेला. वाटेत कप्तानाचं डोकं फिरलं, त्याला मनिलाला उतरवावं लागलं, आणि खलाशांनी मांजिरोला वरच्या हुद्द्यावर निवडलं. ज्याला काही वर्षांपूर्वी 'भूक' सोडून काही सांगता येत नव्हतं त्याच्या हाताखाली आता अमेरिकन खलाशी होते. १८४९ मध्ये परत आला, हाती साडेतीनशे डॉलर. तेवढ्यावर घर गाठता येणार नव्हतं. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची धामधूम होती, तिकडे गेला आणि सत्तरेक दिवसांत सुमारे ६०० डॉलर कमावून लगेच थांबला. तिथे सोन्याच्या मागे लोकांची आयुष्यं गेली. याला किती लागणार हे आधीच ठरलेलं होतं.

होनोलुलूला गेला, आपल्या माणसांना शोधलं. जूसुके वारला होता. देन्झो आणि गोएमोन एकदा जपानला परतायला निघाले होते, पण उतरायचं जमलं नाही आणि त्याच जहाजाने मागे आले. मांजिरोने एक व्हेलबोट विकत घेतली, शीड, वल्ही, होकायंत्र सगळं घातलं, नाव ठेवलं 'ॲडव्हेंचरर'. डिसेंबर १८५० मध्ये शांघायला चाललेल्या एका जहाजावर ती बोट चढवली. तोराएमोन आला नाही, पुन्हा समुद्र नको म्हणाला. मी त्याला दोष देत नाही.

जपानच्या मुख्य भूमीवर उतरायचं नाही, आधी दक्षिणेच्या र्‍युक्यू बेटांवर, आजच्या ओकिनावाला, असं मांजिरोने ठरवलं. तिथे कायद्याची धार जरा बोथट असेल हा हिशेब. फेब्रुवारी १८५१ मध्ये जहाजाने त्यांना किनाऱ्यापासून काही मैलांवर पाण्यात सोडलं. खवळलेल्या थंड समुद्रात तिघे वल्हवत निघाले. देन्झो आणि गोएमोन घाबरले होते, वल्हवणं मुख्यतः मांजिरोचं. नवशिक्या खलाशाचं ते काम नव्हे. अंतर हेरणं, बोटीचं तोंड लाटेवर धरून ठेवणं, अंधार पडला की रात्रभर नांगरावर थांबणं आणि उजाडल्यावर किनाऱ्याला लागणं, हे सगळं तो फेअरहेवनमध्ये आणि 'फ्रँकलिन'वर शिकला होता.

मग चौकश्या. र्‍युक्यूला महिनोन् महिने, मग कागोशिमाला. तिथला सरदार शिमाझू नारिआकिरा हा डोळस माणूस, त्याने जहाजबांधणीबद्दल खोदून खोदून विचारलं. मग नागासाकी. तिथे १८ वेळा जबाब घेतला. आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायला ख्रिस्ताच्या आणि मेरीच्या कोरीव प्रतिमेवर पाय ठेवायला लावला. व्हिटफिल्डच्या शेजारी चर्चच्या बाकावर बसलेला मुलगा तो. त्याच्या मनात त्या क्षणी काय होतं, माझ्याने विचार करवत नाही. शेवटी त्यांना सोडलं.

तोसाला आल्यावर एक वेगळीच अडचण. मांजिरोला आपली भाषा नीट बोलता येईना. चौदाव्या वर्षी सुटलेली, जपानात शाळा कधी पाहिलेली नाही, आणि मधली दहा-अकरा वर्षं इंग्रजीत गेलेली. तोसाच्या सरकारने कावादा शोर्‍यो नावाच्या विद्वान चित्रकाराला त्याचा जबाब लिहायचं काम दिलं. कावादाने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हा त्याला जपानी वाचायला-लिहायला शिकवी, तो याला इंग्रजी. दोघांच्या बोलण्यातून चार भागांचं सचित्र हस्तलिखित झालं, 'ह्योसोन किर्‍याकु'. बेटावरचे पक्षी, गुहा, फुटलेली होडी, हे आपल्याला कळतं ते मुख्यतः त्यातून. मी लॉगबुकातली नोंद लिहिली ती जहाजावरून दिसलेली बाजू. बेटावरून दिसलेली बाजू कावादाने लिहून घेतली नसती तर आपल्याकडे 'भुकेले पाच जण' यापलीकडे फारसं काही उरलं नसतं.

पुढचं भराभर सांगतो. १८५३ मध्ये कमोडोर पेरी या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची जहाजं आली आणि एदोच्या दरबाराला इंग्रजी येणारा माणूस लागला. मांजिरोला बोलावून सामुराई केलं, गावावरून 'नाकाहामा' आडनाव मिळालं. तरी अमेरिकनांचा मिंधा म्हणून संशय होता, पेरीसमोर दुभाषा म्हणून उभं राहू दिलं नाही. त्याने नौकानयनाचं अमेरिकन पुस्तक जपानीत आणलं. १८६० मध्ये 'कानरिन मारू' हे जपानी जहाज पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेलं तेव्हा तो त्यावर होता. भर हिवाळ्यातल्या वादळात कप्तानासकट बहुतेक जण आडवे पडले होते. बरोबर घेतलेले अमेरिकन खलाशी आणि मांजिरो यांनी जहाज चालवलं.

१८७० मध्ये सरकारी कामाने युरोपला जाताना न्यूयॉर्कला उतरला, तिथून फेअरहेवनला गेला आणि व्हिटफिल्डच्या दारात उभा राहिला. वीस वर्षांनी. एक रात्र राहिला.

न्यूइंग्लंडवासी

काका, मी त्याच दारात उभी होते आणि हे मला माहीत नव्हतं. पुन्हा जाईन.

सुकाणू

हे वाचताना एक आठवलं. आपल्या किनाऱ्यावरची 'वैतरणा' आगबोट १८८८ मध्ये कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि वादळात शेकडो माणसांसह गेली. लोक तिला 'विजळी' म्हणत. एकही जण परतला नाही, त्यामुळे शेवटच्या रात्री काय झालं हे सांगणाराही नाही. मांजिरोची गोष्ट आपल्यापर्यंत पोचायला पाच जणांनी जगावं लागलं, आणि मग कावादासारखा ऐकणारा मिळावा लागला.

टोक्योकर

त्याची समाधी टोकियोत झोशिगायाच्या दफनभूमीत आहे. माझ्याकडून वीस मिनिटं. या रविवारी गेलो होतो, धाग्यामुळेच. साधा दगड आहे. बाजूला कुणीतरी पाण्याची बंद बाटली ठेवून गेलं होतं. मी काही नेलं नव्हतं, तर जवळच्या दुकानातून उकडलेलं रताळं आणून ठेवलं. काका, तुमच्या वतीने.

वसईची लेक

रताळं! आता ते कुणी काढून घेणार नाही.

काका, आई राहिली.

खारावारा

@टोक्योकर, तुम्ही हे केलंत यासाठी शब्द नाहीत.

@वसईची लेक, आईचं नाव शिओ. १८५२ च्या शरदात मांजिरो नाकानोहामाला पोचला तेव्हा ती जिवंत होती. चौदा वर्षांचं पोर दोनचार दिवसांसाठी म्हणून गेलेलं, दारात उभा राहिला तो पंचविशीचा पुरुष, आणि तोंडात अडखळती भाषा. ती काय बोलली ते कावादाने लिहिलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. तो तिच्यापाशी राहिला जेमतेम काही दिवस. मग कोचीच्या, म्हणजे तोसाच्या, सरकारातून बोलावणं आलं, आणि पोराने पुन्हा गाव सोडलं. या वेळी जमिनीवरून.